पहिल्या पोस्टिंगआधी हात कसे तयार होतात

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींना शांतपणे बसवून विचारा, की वॉर्डच्या पहिल्या पोस्टिंगची भीती नेमकी कशाची वाटते. उत्तरे मोघम येत नाहीत. "बीपीचा आवाजच ऐकू आला नाही तर?" "इंजेक्शन देताना हात थरथरला आणि पेशंटनं बघितलं तर?" "सिस्टर म्हणाल्या कॅथेटरचा ट्रे लाव, आणि त्यातली एखादी वस्तूच विसरले तर?" "नातेवाइकांनी विचारलं, तू शिकाऊ आहेस का, तर काय सांगू?" नर्सिंगला येणारे मुलगेही हेच विचारतात.

यातल्या प्रत्येक भीतीच्या पाठीमागे एक ठरावीक कौशल्य आहे, आणि जे ठरावीक असते त्यावर कामही ठरावीक करता येते. तरीही अनेक ठिकाणी या प्रश्नांना एकच उत्तर मिळते: "घाबरू नकोस, वॉर्डात गेलीस की आपोआप जमेल." ते आपोआप जमते तेव्हा शिकण्याची किंमत खाटेवरच्या रुग्णाने मोजलेली असते, आणि शिकणारीच्या मनातही पहिल्या आठवड्याचा धसका पुढे कित्येक महिने राहतो. आत्मविश्वास पोस्टिंगच्या आधीच बराचसा घडवता येतो. तो कसा घडतो, हे शिक्षणशास्त्राला आणि मानसशास्त्राला आज चांगले माहीत आहे. गरज आहे ती या माहितीला वेळापत्रकात जागा देण्याची.

विश्वास कुठून येतो

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये एक महत्त्वाची मांडणी केली. 'हे काम मला जमेल' ही भावना माणसाच्या स्वभावात कायमची ठरलेली नसते. ती कामागणिक वेगळी असते, आणि प्रामुख्याने चार वाटांनी तयार होते. पहिली आणि सर्वांत भक्कम वाट म्हणजे ते काम स्वतः करून जमल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच कुणालातरी ते जमताना पाहणे. तिसरी, ज्यांच्या मताला किंमत आहे अशा माणसाचे शब्द. चौथी, आपल्या शरीराची त्या वेळची अवस्था आणि तिचा आपण लावलेला अर्थ.

नर्सिंग कॉलेजात या चारही वाटा हाताशी असतात, पण त्यांचा वापर बहुधा उलट्या क्रमाने होतो. धीराचे शब्द भरपूर मिळतात आणि हाताने करून पाहण्याची संधी सर्वांत कमी. शाब्दिक धीर टिकतो तो पहिल्या अपयशापर्यंत. स्वतः दहा वेळा नीट केलेले काम अकराव्या वेळी चुकले तरी विश्वास डळमळत नाही, कारण मागे दहा वेळांचा पुरावा असतो.

दुसरी वाटही नीट समजून घ्यायला हवी. वीस वर्षे नोकरी केलेल्या मॅडम सहज सलाइन लावतात, ते पाहून मुलींना कौतुक वाटते, पण 'मलाही जमेल' असे वाटत नाही. दुसऱ्या वर्षाची ताई मध्येच अडखळते, "थांब, इथं माझंही सुरुवातीला चुकायचं" म्हणते आणि मग बरोबर करून दाखवते, तेव्हा तो विश्वास येतो. म्हणून स्किल लॅबमध्ये सीनियर विद्यार्थिनींना शिकवायला उभे करणे फार मोलाचे आहे. त्यात शिकवणारीचाही पाया पक्का होतो.

चौथ्या वाटेबद्दल मुलींशी उघडपणे बोलले पाहिजे. छाती धडधडणे आणि तळव्यांना घाम येणे याचा अर्थ 'मी या कामाला नालायक आहे' असा नसतो. महत्त्वाच्या कामाआधी शरीर असेच सज्ज होते. हे आधी सांगितलेले असले, की धडधड सुरू झाल्यावर तिचीच आणखी भीती वाटत नाही.

बाहुली बनवणाऱ्यांचे ऋण

रुग्णाला हात लावण्याआधी नर्सने दुसऱ्या कशावर तरी सराव करावा, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेच्या प्रमुख ए. लॉडर सदरलँड यांना विद्यार्थिनींच्या सरावासाठी माणसाएवढी बाहुली हवी होती. र्‍होड आयलंडमधील पॉटकेट येथे मुलांसाठी बाहुल्या बनवणाऱ्या मार्था जेंक्स चेस यांनी ती १९११ मध्ये तयार करून दिली. तिचे नाव पडले 'मिसेस चेस'. तिला कूस बदलवता येई, कपडे घालता येत, खाटेवरून उचलता येई. १९१४ च्या सुधारित बाहुलीच्या दंडात इंजेक्शनची जागा होती आणि पोटात साठवणीची टाकी होती, त्यामुळे एनिमा आणि कॅथेटरचाही सराव करता येऊ लागला.

पुढे १९६० मध्ये नॉर्वेतील स्टाव्हांगर येथील खेळणी बनवणारे ऑसमुंड लारडाल यांनी 'रेसुसी ॲन' घडवली. तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे हे जगभरातील लोक तिच्यावर शिकले. आजच्या संगणकीय डमीचे डोळे मिटतात, छाती हलते, नाडी लागते. पण मूळ विचार १९११ चाच आहे: पहिल्या चुका अशा ठिकाणी व्हाव्यात जिथे कुणाला दुखत नाही.

भारतात हा विचार आता नियमांतही आला आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या आठ सत्रांच्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात पहिल्या सत्रातील 'नर्सिंग फाउंडेशन' या विषयाला १२० तास व्याख्यान, ८० तास स्किल लॅब आणि १६० तास वॉर्डातील काम अशी विभागणी आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनाही हीच चौकट लागू होते. कागदावर ८० तास पुरेसे दिसतात. प्रत्यक्षात ३० मुलींचा गट आणि एक डमी असेल, तर दोन तासांच्या तासिकेत प्रत्येकीच्या वाट्याला ४ मिनिटे येतात. उरलेली ११६ मिनिटे ती टाचा उंचावून दुसऱ्यांचे पाहत असते. म्हणून लॅबला किती तास दिले यापेक्षा प्रत्येकीच्या हाताला किती मिनिटे मिळाली, हे मोजायला हवे.

एक बीपी, किती पायऱ्या

रक्तदाब मोजणे हे पहिल्या पोस्टिंगमधले सर्वांत नेहमीचे काम. बाहेरून पाहणाऱ्याला ते एक काम वाटते. शिकणारीसाठी ती अनेक कामांची माळ असते, आणि बहुतेक वेळा तिचा एखादाच मणी निसटत असतो.

रुग्णाला ५ मिनिटे शांत बसू द्यायचे. पाठीला आधार, पाय जमिनीवर सरळ, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. हात खाली लोंबकळत असेल तर आकडा खोटा वाढतो. कफ दंडाच्या मानाने लहान असला तरी वाढतो. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या २ ते ३ सेंटिमीटर वर यायला हवी. मग मनगटाची नाडी धरून कफ फुगवायचा आणि नाडी कुठे नाहीशी होते ते पाहायचे. कफ सोडून थोडे थांबायचे. आता स्टेथोस्कोप लावून त्या आकड्याच्या ३० वर फुगवायचे आणि सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या वेगाने हवा सोडायची. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा.

नाडीची पायरी घाईत सर्रास गाळली जाते. ती का आहे, हे एकदा कळले की मुली ती गाळत नाहीत. उच्च रक्तदाबाच्या काही रुग्णांत हे आवाज मध्येच काही काळ नाहीसे होऊन पुन्हा सुरू होतात. नाडीने आधी अंदाज घेतला नाही आणि कफ कमी फुगवला, तर वरचा खरा आकडा हातून निसटतो आणि धोक्यातल्या रुग्णाची नोंद 'नॉर्मल' होते. "आवाज ऐकू येत नाही" या तक्रारीचे कारणही बहुधा कानात नसते. एक तर स्टेथोस्कोप धमनीवर नसतो, नाहीतर हवा भराभर सोडलेली असते. दोन जणींना एकाच वेळी ऐकता येईल असा दोन जोड्यांचा स्टेथोस्कोप मिळतो. शिक्षिका आणि विद्यार्थिनी एकच ठोका एकाच क्षणी ऐकतात, तेव्हा 'मला ऐकू आलं ते बरोबर होतं' याची खात्री तिथल्या तिथे पटते.

असे काम शिकवण्याची एक उत्तम पद्धत ब्रिटिश शल्यविशारद रॉडनी पेटन यांनी १९९८ मध्ये मांडली. तिच्या चार पायऱ्या आहेत. आधी शिक्षिका काहीही न बोलता, नेहमीच्या वेगाने संपूर्ण काम करून दाखवते. मग तेच काम सावकाश, प्रत्येक कृतीचे कारण सांगत करते. तिसऱ्या खेपेला विद्यार्थिनी तोंडाने सूचना देते आणि शिक्षिका तिच्या सांगण्याप्रमाणे करते. चौथ्या खेपेला विद्यार्थिनी स्वतः बोलत बोलत करते. यातली तिसरी पायरी सर्वांत गुणकारी आहे, आणि वेळेअभावी नेमकी तीच वगळली जाते. हात गुंतलेले नसताना डोक्यातला क्रम कुठे तुटतो, हे तिथे उघड होते.

एका दिवसात पंचवीस की पाच आठवड्यांत पाच-पाच

बहुतेक ठिकाणी पोस्टिंगच्या आधीच्या आठवड्यात सगळा सराव उरकला जातो. मुलींना तेव्हा सगळे येते, आणि दोन महिन्यांनी ते काम प्रत्यक्ष समोर आले की हात गोठतात. यात मुलींचा आळस नाही. विसरणे हा शिकण्याचाच स्वभाव आहे, आणि त्यावर अंतराअंतराने केलेला सराव हा सिद्ध झालेला उपाय आहे.

टोरांटोमधील शल्यविशारदांच्या एका गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरांना बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचे चार पाठ दिले गेले. एका गटाला चारही पाठ एका दिवसात, दुसऱ्याला आठवड्याला एक. एका महिन्यानंतर पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा आठवड्या-आठवड्याने शिकलेला गट पुढे होता. शिकण्याचे तास तेवढेच होते, फक्त त्यांची मांडणी वेगळी होती.

दुसरे उदाहरण थेट नर्सिंगमधले आहे. मॅरिलिन ओरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील दहा नर्सिंग शाळांतील ६०० हून अधिक विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सीपीआर शिकवल्यानंतर एका गटाने दर महिन्याला फक्त ६ मिनिटे डमीवर सराव केला, दुसऱ्याने केला नाही. वर्षभरात सराव करणाऱ्यांचे कौशल्य टिकले, काही बाबतीत सुधारले, आणि दुसऱ्या गटाचे घसरत गेले. महिन्याला ६ मिनिटे कुठल्याही कॉलेजला परवडतात. लॅबची किल्ली कपाटात बंद न ठेवता दुपारच्या सुटीत एखाद्या सीनियर मुलीच्या देखरेखीखाली लॅब उघडी ठेवली, तरी एवढा सराव सहज होतो.

सलाइनचे गणित आणि मनाचा निवांतपणा

हातांच्या कामाइतकीच भीती मुलींना गणिताची वाटते. समजा, ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचे आहे आणि सेटच्या पाकिटावर '१ मिली = २० थेंब' असे छापले आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. ४ तासांची २४० मिनिटे. भागाकार आला ४१.६७, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. घड्याळ धरून १५ सेकंदांत १० ते ११ थेंब पडायला हवेत.

कागदावर हे सगळ्यांना येते. वॉर्डात गोंधळ होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. हाती आलेला सेट मायक्रोड्रिप असेल तर १ मिलीला ६० थेंब होतात. सेट न बघता तोच ४२ थेंबांचा वेग ठेवला, तर चार तासांत ५०० ऐवजी जेमतेम १६८ मिली जाईल. म्हणून गणिताचा सराव वहीत न करता खरा सेट, पाण्याची बाटली आणि सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन करावा. पाकीट वाचायचे, हिशेब करायचा, चाकाची क्लॅम्प फिरवून थेंब जुळवायचे आणि शेजारच्या मुलीकडून मोजून घ्यायचे. रुग्णाचे नाव, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे पाचही तपासण्याची सवय याच वेळी लागते. नंतर लावू म्हटले तर घाईत ती लागत नाही.

स्वतःचे रक्षण हाही तयारीचा भाग

विद्यार्थिनी ज्याबद्दल सहसा बोलत नाहीत अशी एक भीती असते: मलाच काही झाले तर? रुग्णाला टोचलेली सुई आपल्या बोटात गेली तर? ही भीती रास्त आहे आणि तिला माहितीने उत्तर द्यायला हवे. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस साधारणपणे ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात. म्हणजे प्रवेश झाल्याबरोबर सुरुवात केली तरच ती वेळेत पूर्ण होते. वापरलेल्या सुईवर टोपण परत लावायचे नाही, ती लगेच सुयांच्या डब्यात टाकायची, आणि तो डबा हात पोहोचेल इतका जवळ आधीच ठेवायचा. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि लपवून न ठेवता ताबडतोब सांगायचे. एचआयव्हीपासून बचावासाठी द्यायची औषधे जितक्या लवकर तितकी चांगली, आणि ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ओरडा बसेल म्हणून गप्प राहिलेली मुलगी हे मोलाचे तास गमावते. म्हणून 'टोचलं तर कुणाला सांगायचं' याचे नाव आणि फोन नंबर पोस्टिंगच्या आधीच प्रत्येकीकडे असला पाहिजे.

हात धुण्याचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा ठरवून दिल्या आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरातील द्रवांशी संपर्काची शक्यता आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. साबणाने ४० ते ६० सेकंद, हॅन्डरबने २० ते ३० सेकंद. डमीवर सराव करतानाही प्रत्येक वेळी हात स्वच्छ केले, तर ती क्रिया कामाचाच भाग होते. लॅबमध्ये "हात धुतले असं समजा" म्हणून पुढे जाणाऱ्या गटाचे हात वॉर्डातही तसेच पुढे जातात.

बोलण्याचाही सराव लागतो

डमी बोलत नाही, रुग्ण बोलतो. स्किल लॅबमध्ये निर्दोष काम करणारी मुलगी खाटेजवळ अडते, त्याचे हे मोठे कारण आहे. महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. नर्सिंगची पुस्तके आणि परीक्षा इंग्रजीत असतात, आणि प्रोसीजर बुकमधली वाक्येही इंग्रजीतच पाठ होतात. खाटेवर मात्र मेळघाटातली आजी असते किंवा मालवणचे काका असतात. नाकातून पोटात नळी घालण्याचे सगळे टप्पे पाठ असलेल्या मुलीला "आजी, नाकातून एक बारीक नळी घालायची आहे. घशाशी आली की थोडं मळमळेल. तेव्हा मी पाण्याचा घोट देईन, तो गिळत राहा. नको वाटलं तर हात वर करा, मी थांबेन" हे सलग म्हणता आले पाहिजे. त्यासाठी ते आधी पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणून पाहावे लागते.

हॉवर्ड बॅरोज या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ च्या सुमारास प्रशिक्षित माणसाला रुग्णाची भूमिका देऊन शिकवण्याची पद्धत सुरू केली. त्यासाठी नटनट्या लागत नाहीत. वर्गातलीच एक मुलगी सुईला घाबरणारे काका होते, दुसरी चिडलेली नातेवाईक होते, तिसरी नीट ऐकू न येणारी आजी. "तू शिकाऊ आहेस का?" या प्रश्नाचे उत्तरही इथेच बसवून घ्यावे: "हो काका, मी स्टुडंट नर्स आहे. हे मी शिकलेय, आणि आमच्या मॅडम इथंच आहेत. तुमचा बीपी बघू का?" आणि काका नको म्हणाले तर शांतपणे "बरं, मी मॅडमना सांगते" म्हणून मागे सरता यावे. नकार देणे हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात विद्यार्थिनीचा पराभव नाही. हे आधी ठाऊक असलेली मुलगी पहिल्या नकाराने रडत बाहेर येत नाही.

रुग्णाशी जसे बोलावे लागते तसेच वरिष्ठांशीही. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर माहिती थोडक्यात आणि नेमकी सांगण्याची एक रीत होती. ती पुढे रुग्णालयांत आली. तिचे चार भाग: आत्ता काय झाले आहे, पार्श्वभूमी काय, मला काय दिसते, मला काय हवे आहे. "सिस्टर, बेड नंबर ७ च्या काकांचा बीपी आत्ता ९०/६० आहे, सकाळी आठला १३०/८० होता. काल त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. पल्स ११८ आहे, अंग गार लागतंय. मला काळजी वाटतेय, तुम्ही आत्ता येऊन बघाल का?" गडबडीच्या वॉर्डात "सिस्टर, ते सात नंबर जरा कसंतरी करताहेत" हे ऐकून न ऐकल्यासारखे होऊ शकते. आधीचे वाक्य ऐकणारी सिस्टर लगेच निघते.

वाजवीपेक्षा जास्त विश्वास

इथे एक इशारा आवश्यक आहे. विश्वास वाढला म्हणजे कौशल्य वाढलेच, असे नाही. सिंगापूरमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी स्वतःला दिलेले आत्मविश्वासाचे गुण आणि निरीक्षकांनी पाहिलेली प्रत्यक्ष कामगिरी यांत संबंध आढळला नाही. कॉर्नेल विद्यापीठातील जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांनी १९९९ मध्ये दाखवले, की ज्यांना एखादे काम कमी येते त्यांचाच स्वतःबद्दलचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो, कारण आपले काय चुकते हे कळायलाही तेच कौशल्य लागते.

म्हणून "आता कॉन्फिडंट वाटतं का?" असे विचारून हात वर करायला लावण्यात अर्थ नाही. बाहेरून तपासणी हवी. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ऑस्की परीक्षा यासाठीच आहे. विद्यार्थी एकेका टेबलावर ठरावीक वेळेत ठरावीक काम करतो आणि परीक्षक तयार यादीवर प्रत्येक कृतीची नोंद करतो. गुणांच्या दडपणाशिवाय, केवळ सरावासाठी अशी परीक्षा पोस्टिंगच्या दोन-तीन आठवडे आधी घेतली, तर प्रत्येकीला आपले नेमके कच्चे दुवे कळतात आणि ते दुरुस्त करायला वेळही उरतो. परीक्षेआधी प्रत्येकीने 'मला यात किती जमेल' असा अंदाज लिहावा आणि नंतर प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहावा. काही मुलींना उमगते, की आपण स्वतःला उगाच कमी लेखत होतो. काहींना उलटेही उमगते. दोघींनाही ते वॉर्डात जाण्याआधी कळणे चांगले.

एक वाक्य मात्र प्रत्येकीच्या तोंडी बसवून वॉर्डात पाठवावे: "सिस्टर, हे मी डमीवर केलंय, पेशंटवर पहिल्यांदा करतेय. तुम्ही शेजारी उभ्या राहाल का?" हे म्हणता येणे म्हणजे कमकुवतपणा नव्हे. आपल्या हातांना काय येते आणि काय नाही याचा नेमका हिशेब जिच्याकडे आहे, तीच हे म्हणू शकते. अशी मुलगी आवाज ऐकू आला नाही तर मागचा आकडा बघून बीपी लिहीत नाही. "ऐकू आलं नाही, पुन्हा घेते" म्हणते. रुग्णासाठी हाच विश्वास कामाचा.

महागडी डमी नसेल तर

काही लाखांची संगणकीय डमी नाही म्हणून चांगला सराव होत नाही, ही समजूत चुकीची आहे. कॅनडातील वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जेफ्री नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक अभ्यास तपासून दाखवले, की साध्या आणि अतिशय हुबेहूब साधनांवर शिकलेल्यांच्या कौशल्यातला फरक बहुधा अगदी थोडा असतो. फोमच्या तुकड्यावर स्नायूत इंजेक्शन देण्याचा ९० अंशांचा कोन बसतो. अँप्युल फोडणे, व्हायलमधून हवेचा बुडबुडा न घेता औषध ओढणे, ग्लोव्हज निर्जंतुक राखून घालणे, ट्रे न विसरता लावणे, यांना वीजही लागत नाही. लागते ती शिक्षिकेची नजर.

त्याच वेळी सिम्युलेशन गांभीर्याने केले तर ते किती पुढे नेऊ शकते, याचाही पुरावा आहे. अमेरिकेतील राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये दहा नर्सिंग कॉलेजांतील ६६६ विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वॉर्डच्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास दर्जेदार सिम्युलेशनने भरून काढले, तरी ज्ञान, कौशल्य आणि परवाना परीक्षेचा निकाल यांत फरक पडला नाही. 'दर्जेदार' हा शब्द इथे महत्त्वाचा. प्रशिक्षित शिक्षक आणि प्रत्येक प्रसंगानंतर सविस्तर चर्चा, या त्यामागच्या अटी होत्या. त्या चर्चेत "काय चुकलं?" याआधी "त्या क्षणी तू काय विचार करत होतीस?" हा प्रश्न येतो. चूक कुठल्या विचारातून झाली हे सापडले, की ती पुन्हा होत नाही. सर्वांसमोर पाणउतारा झालेली मुलगी मात्र पुढच्या वेळी विचार सांगतच नाही, आणि तो दुरुस्तही होत नाही.

वॉर्डाने करायच्या गोष्टी

तयारीची जबाबदारी विद्यार्थिनी आणि कॉलेज यांच्यावरच संपत नाही. पोस्टिंगच्या एक दिवस आधी गटाला वॉर्ड दाखवून आणला, तर पहिल्या सकाळचा निम्मा गोंधळ टळतो. इमर्जन्सी ट्रॉली कुठे, ऑक्सिजन कुठून लागतो, सुयांचा डबा कुठे, कपड्यांचे कपाट कुठे, इन्चार्ज सिस्टर कोण, मावशी आणि मामा कोण, एवढे ठाऊक असले तरी पाय स्थिर होतात. या गटाने लॅबमध्ये काय काय पक्के केले आहे त्याची एक पानी यादी इन्चार्ज सिस्टरकडे आधी पोहोचली, तर त्याही योग्य काम योग्य मुलीला देऊ शकतात. पहिल्या दिवशी जमणारे काम मिळावे आणि ते जमावे, यासारखी सुरुवात नाही. बांडुरांची पहिली वाट मग वॉर्डातही चालू राहते.

गर्दीच्या सरकारी रुग्णालयात एकेका सिस्टरवर केवढा भार असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही त्यांनी थांबून म्हटलेले एक वाक्य, "नाडी आधी धरलीस ते बरोबर केलंस," विद्यार्थिनीला वर्षानुवर्षे पुरते, कारण त्यात नुसती शाबासकी नसून नेमके काय बरोबर झाले तेही सांगितलेले असते. आज जी मुलगी थरथरत्या हाताने कफ बांधते आहे, ती तीन-चार वर्षांत आपल्यापैकी कुणाच्या तरी आईच्या खाटेशी रात्रपाळीला असेल. तिला लॅबमध्ये हाताने करायला पुरेशी मिनिटे, वरचेवर थोडा सराव, खरी तपासणी आणि प्रश्न विचारण्याची मुभा मिळवून देणे हे कॉलेजांचे, रुग्णालयांचे आणि त्यांना निधी देणाऱ्या शासनाचे काम आहे. यातल्या बहुतेक गोष्टींना फार पैसा लागत नाही. वेळापत्रकात त्यांची जागा पुढच्या सत्राची वाट न पाहता याच सत्रात ठरवता येईल.